गॅसवरचं दूध

सुधावहिनी गेली त्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीतली निम्मी माणसं तिच्याकडे धावण्याऐवजी तिच्या स्वयंपाकघराकडे धावली. हे वाचून आम्ही कुणाला निर्दय वाटू, म्हणून आधीच सांगते की त्यात मीही होते, आणि सगळ्यांत पुढे होते. झालं असं, की पहिल्या मजल्यावरच्या मंगलच्या दारात वहिनी उभ्याउभ्या काहीतरी सांगत होती. सांगता सांगता चौकटीला टेकली आणि हळूच खाली बसली... मंगलला वाटलं, चला, आज एकदाची बसली बाई! मग वहिनीची मान कलली आणि मंगल किंचाळली. जिन्यातली दारं धडाधड उघडली. तळमजल्यावरचे आमचे सेक्रेटरी नाईकमामा बनियनवरच वर आले, त्यांनी एक नजर टाकली आणि ओरडले, “डॉक्टरला फोन करा! आणि कोणीतरी वर जाऊन आधी गॅस बंद करा, दूध असेल!” मी तिसऱ्या मजल्यावर, वहिनीच्या समोरच्या दारात राहते. धावत खाली उतरत होते, ती उलटी फिरले आणि पुन्हा वर धावले. माझ्यामागे आणखी तिघं. दार वहिनीच्या यजमानांनी, भाऊंनी उघडलं. हातात पेपर, चष्मा कपाळावर. त्यांना अक्षरशः बाजूला सारून आम्ही आत घुसलो. शेगडी थंडगार होती. पातेली ओट्यावर घासून पालथी घातलेली होती. मी बंद असलेलं बटण पुन्हा एकदा बंद केलं. “काय शोधताय?” भाऊंनी विचारलं. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. खाली काय झालंय हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

डॉक्टर आले, पण तोवर सगळं संपलं होतं.

वहिनी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला कायम ‘अहो वहिनी, तुम्ही’च म्हणत आले. इथं ‘ती’ म्हणतेय, कारण मनातल्या मनात मी तिच्याशी जी भांडणं केली त्यांत ती ‘ती’च असायची, आणि आता भांडण काय नि बोलणं काय, सगळं मनातच करायचं आहे. आम्ही वसईकडच्या बोळिंजला राहायला आलो तेव्हा आमची इमारत माळावर एकटीच उभी होती. नळ होते, पाणी नव्हतं. टँकर आला की वॉचमन शिट्टी मारायचा आणि मग कोकण, देश, गिरगाव, परळ अशी सगळीकडून आलेली माणसं बादल्या घेऊन एकमेकांवर आदळायची. आमच्या ओळखी अशाच झाल्या. वहिनीची ओळख मात्र वेगळ्या रीतीनं व्हायची. तुमच्या घरात काही बिनसलं, की त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी बेल वाजायची. दारात वहिनी. पदर खोचलेला, एक हात चौकटीवर. “नाही गं, बसत नाही. गॅसवर दूध ठेवलंय.” एवढं म्हणून ती दारातच उभी राहायची, ती चांगली तासभर. आतला माणूस अस्वस्थ होऊन म्हणायचा, “वहिनी, दूध...” ती म्हणायची, “बारीक गॅसवर आहे,” आणि पुढं चालू. इतकी वर्षं आमच्या इमारतीनं तिच्या दुधाची जेवढी काळजी केली तेवढी स्वतःच्या मुलांची केली नसेल. तिच्याकडे कोणी गेलं तर मात्र चहा कधी मिळायचा नाही, कोकमाचं सरबत मिळायचं. थंडीतसुद्धा! गुहागरकडची माणसं, असेल त्यांच्यात पद्धत, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या रविवारी दुपारी आम्ही बायकांनी तिला शेवटची आंघोळ घातली. सवाष्ण गेली, म्हणून हिरवी साडी हवी होती. भाऊंनी कपाटातून जी साडी हिरवी म्हणून काढून आणली ती निळी होती. मग मंगलनं आपली कोरी हिरवी साडी आणली आणि तिच्या जावेनं ‘फॉल नाही लावलेला’ म्हणून कुरकुर केली. मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, कारण हे ऐकून सगळ्यांत जास्त हसली असती ती वहिनीच. मी तिच्या पायांवर पाणी घालत होते. घालता घालता माझा हात थांबला. मी डावा गुडघा पाहिला. मग तो पुसून पुन्हा पाहिला. सपाट, स्वच्छ, लहान मुलीचा असावा तसा गुडघा. त्यावर ओरखडाही नव्हता. “काय झालं, शैलाताई?” मंगलनं विचारलं. “काही नाही,” म्हटलं आणि पाणी घालत राहिले. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावले. त्या गुडघ्यावरच्या जखमेच्या भरवशावर मी दहाएक वर्षं मोपेड चालवली होती.

आता मोपेडचं सांगायला हवं. चाळिशी ओलांडल्यावर मला नोकरी लागली, ती निर्मळच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत. पाचवी ते सातवी, मराठी आणि इतिहास. बी.एड. होऊन कितीतरी वर्षं झाली होती. ते प्रमाणपत्र ट्रंकेत होतं आणि ट्रंक पलंगाखाली होती. तेव्हा ह्यांची कंपनी बंद पडली होती, त्यामुळे नोकरी हवीच होती. पण एवढंच म्हणणं खोटेपणाचं होईल. मला वर्गात उभं राहायचं होतं. अडचण रस्त्याची होती. एसटीची वेळ आणि शाळेची वेळ यांचं आयुष्यात कधी जमलं नव्हतं. म्हणून सेकंडहँड मोपेड घेतली. बोळिंजहून निर्मळकडे जाणारा रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना केळी, मध्येच फुलांचे मळे, आणि वळणं अशी की समोरून सायकल येतेय की म्हैस, हे ती अंगावर आल्यावरच कळावं. पहिल्या महिन्यातच मी निर्मळच्या तळ्याजवळ, भाजीवाल्या बायकांच्या पुढ्यात, वांग्यांच्या टोपलीत जाऊन पडले. लागलं फारसं नाही. पण माझ्याच वर्गातली चार मुलं तिथं उभी होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले तर फळ्यावर एक सुरेख वांगं काढलेलं होतं. मी घरी आले, मोपेड जिन्याखाली उभी केली आणि ह्यांना सांगितलं, झाली तेवढी नोकरी पुरे झाली. सोमवारी राजीनामा देते.

मला धीर देणारी माणसं सहन होत नाहीत. ‘होतं असं, हिंमत सोडू नका’ असं कुणी म्हटलं की माझी उरलेली हिंमतही जाते. वर्गातही मी कधी कुणाला ‘शाब्बास’ म्हणत नाही, ‘बरं आहे’ म्हणते. त्यामुळे त्या संध्याकाळी बेल वाजली आणि दारात वहिनी दिसली तेव्हा मी कपाळाला आठ्या घालूनच उभी राहिले. “बसत नाही. दूध आहे गॅसवर,” ती म्हणाली. मग मोपेडचं नावही न काढता तिनं सायकलची गोष्ट सुरू केली. मॅट्रिकच्या वर्षी तिनं म्हणे भावाची सायकल चोरून काढली. त्यांच्या गावात देवळापासून खाली एक उतार आहे. त्या उतारावर ब्रेक लागेना, आणि खालून लग्नाची वरात येत होती! “ओरडले गं मी, बाजूला व्हा म्हणून. पण वाजंत्री एवढी जोरात, ऐकतंय कोण? सरळ ढोलात घुसले. ढोल फुटला, माझा गुडघा फुटला, नवरदेवाच्या मुंडावळ्या माझ्या वेणीत अडकल्या. मुहूर्त टळला म्हणून भटजी ओरडतायत आणि ढोलवाला बसून रडतोय...” मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण मुंडावळ्यांपाशी माझा बांध फुटला. दोन दिवसांत मी पहिल्यांदा हसत होते. “अजून खूण आहे,” ती म्हणाली. “या इथं, डाव्या गुडघ्यावर. दाखवली असती, पण साडी कोण वर करणार जिन्यात?” “मग? परत बसलात सायकलवर?” मी विचारलं. “दुसऱ्याच दिवशी. त्याच उतारावर,” ती म्हणाली. मी पुढचं ऐकायला तोंड उघडलं, तेवढ्यात, “अगं बाई, दूध!” म्हणत ती समोरच्या दारात पळालीसुद्धा.

सोमवारी मी मोपेड काढली. राजीनामा द्यायलाच निघाले होते, निदान मी स्वतःला तसं सांगितलं होतं. पण तळ्याजवळ आले तेव्हा वांगीवाली बाई टोपली उचलून पाठीमागे ठेवताना दिसली. मला ढोलवाला आठवला, मी एकटीच खो खो हसले आणि हसता हसता ते वळण पार झालं. पुढं मी त्या रस्त्यानं इतक्यांदा गेले की वांगीवालीची मुलगी माझ्या वर्गात येऊन पुढं कॉलेजातही गेली. आता विचार केला की वाटतं, वहिनीची सगळी करामत त्या पळण्यात होती. तात्पर्य सांगायची वेळ आली की तिचं दूध उतू जायचं. उपकार मानायला सुद्धा ती थांबायची नाही. ‘म्हणून तूही असं कर’ हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते तिनं म्हटलं असतं, तर माझा स्वभाव असा की मी त्याच पावली राजीनामा नेऊन दिला असता.

एकदा कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेला ती माझ्या मोपेडवर मागे बसून आली. स्वतःच म्हणाली, “मला ने ना गं एकदा.” बसताना तिनं माझी कंबर अशी आवळली की मला श्वास घेता येईना. “वहिनी, सैल धरा, पडणार नाही आपण.” “तू पुढं बघ आणि चालव. मला सगळं माहीत आहे, मी काय पहिल्यांदा बसतेय का?” ती म्हणाली, पण आवाज माझ्या पाठीत पुरलेला होता. जत्रेत तिनं सुकेळी घेतली. वसईकडे पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवतात आणि पानात बांधून विकतात, ती सुकेळी. परतताना एका वाडीपाशी समोरून केळीचे लोंगर लादलेली सायकल आली. मी बाजू द्यायला गेले, रस्त्यावर पाटाचं पाणी आलेलं होतं... आणि आम्ही दोघी अगदी सावकाश, एखादी गोष्ट ठरवून करावी तशा, पाटात जाऊन पडलो. मी उठून बघते तर वहिनी गुडघाभर पाण्यात बसलेली, सुकेळ्यांचा पुडा हातात उंच धरलेला, उजव्या कोपरातून रक्त येतंय, आणि बाई हसतेय. नुसती हसतेय. वाडीतून एक म्हातारेबुवा खुरपं घेऊन धावत आले. “पानी सोडलेलं दिसत नाय काय? कोन चालवत होतं गाडी?” मी मान खाली घातली. निर्मळच्या पुढच्याच गावात माझी शाळा. तेवढ्यात पाटातून वहिनीचा हात वर गेला. “मी!” म्हातारेबुवांनी तिला मग यथेच्छ झापलं. “या वयात काय गाडी चालवायची हौस बाय? घरी कोन नाय काय सांगनारं?” बोळिंजपर्यंत ती मागे बसून तेच म्हणत होती, “मला बोलले गं ते! मला!” मला वाटलं, माझी अब्रू वाचवली म्हणून खूश आहे. घरी आल्यावर मी मलम आणलं तर लावू देईना. “राहू दे. सुकेल.” त्या जखमेची पुढं वेडीवाकडी खूण झाली.

त्या खुणेचं मला शेवटच्या आंघोळीच्या वेळीही काही वाटलं नाही, इतकी ती माझ्या ओळखीची होती. माझं लक्ष गुडघ्यावर होतं. सोमवारी मी शाळेत जायला निघाले, मोपेडची किल्ली हातात घेतली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. रिक्षानं गेले. मंगळवारीही रिक्षानंच. ह्यांनी विचारलं, तर पेट्रोलच्या नळीतून काहीतरी गळतंय म्हणाले. हसाल तुम्ही, पण त्या वयात, एवढा रस्ता पायाखालचा झाल्यावर, मला परत पडायची भीती वाटायला लागली होती. आपण ज्या खांबाला धरून उभे आहोत तो खांबच नाही असं कळलं तर माणूस दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर परत सायकलवर बसलेली एक मुलगी मला इतकी वर्षं माझ्यापुढं दिसत असे. आता रस्ता नुसताच होता, त्यावर ती नव्हती. आणि हे मी सांगणार कुणाला? तिनं तेव्हा बजावलं होतं, “तुला म्हणून सांगितलं हो. कुणाला बोलू नकोस.” मी बोलले नव्हते.

साधारण महिन्यानं नाईकमामांनी गच्चीवर शोकसभा घेतली. मांडववाल्याच्या खुर्च्या, हार घातलेला फोटो, पुढच्या रांगेत भाऊ. दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली आणि खालच्या कुठल्यातरी घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग नाईकमामा बोलायला उभे राहिले. त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते हॉस्पिटलमधून पळून घरी आले होते, तेव्हा वहिनी दारात आली आणि तिनं स्वतःच्या पोटाच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी आशा सोडली होती म्हणे. भूल उतरल्यावर तिनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आज आमटी कसली आहे?’ “मला स्ट्रेचरवरून आत नेलं ना,” नाईकमामा म्हणाले, “तेव्हा मी आमटी आठवून हसत होतो. वॉर्डबॉयला वाटलं, घाबरून खुळा झालो. वहिनी म्हणाल्या होत्या कुणाला सांगू नका, पण आता... मॅट्रिकच्या वर्षी झालं म्हणे ऑपरेशन.” यावर मंगल जागेवरूनच म्हणाली, “मॅट्रिकच्या वर्षी? त्या वर्षी तर त्या नापास झाल्या होत्या.” मंगलची मुलगी बारावीत नापास होऊन अन्नपाणी सोडून बसली होती, तेव्हा वहिनीनं तिला सांगितलं होतं की मॅट्रिकला तिच्या वडिलांनी चुकीचा नंबर पाहून गावभर पेढे वाटले, आणि संध्याकाळी खरं कळल्यावर प्रश्न पडला की पेढे परत कसे मागायचे! मुलगी त्या पेढ्यांवर हसली आणि जेवली. मग दुसऱ्या मजल्यावरचे पेडणेकर उठले. त्यांचं लग्न जमत नव्हतं त्या काळात वहिनीनं त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं होतं, की तिला बघायला आलेल्या एकूण एक स्थळांनी नकार दिला होता, वर एकानं पोह्यांची कृती लिहून मागवली होती. “आणि ते सुद्धा...” पेडणेकर चाचरले, “मॅट्रिकच्याच वर्षी.” आता मला राहवेना. मी सायकल, ढोल आणि मुंडावळ्या सांगून टाकल्या.

नाईकमामा हिशेबी माणूस, त्यांनी बोटांवर मोजलं. “ऑपरेशन, नकार, सायकलचा अपघात... एकाच वर्षात? मग बाई परीक्षेला बसली कधी?” सगळ्यांच्या नजरा भाऊंकडे वळल्या. भाऊ उठले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मॅट्रिकला ती फर्स्ट क्लासमध्ये पास झाली,” ते म्हणाले. “पोटाचं ऑपरेशन वगैरे काही नाही. बघायला पहिला मीच गेलो आणि मी हो म्हणालो. पोहे खारट होते.” “आणि सायकल?” मी विचारलं. “सायकल कुठली? सासरेबुवांनी तिला अंगणाबाहेर सोडलं नाही कधी. पुढं शिकायचं होतं, तेही राहिलं. लग्न करून इकडं आली. ती पडणार कधी, शैलाताई? आणि कुठं?” मग मागच्या रांगेतून कुणीतरी, अगदी हळू आवाजात, जे सगळ्यांच्या मनात होतं ते विचारलं, “भाऊ... आणि दूध?” “कसलं दूध?” “गॅसवरचं.” भाऊ गोंधळले. “आमच्याकडे दूध कशाला येईल? मला पचत नाही, तिला वास सोसत नाही. आम्ही दोघं आयुष्यभर कोरा चहा पितोय.”

आधी नाईकमामा हसले. मग मंगल. मग सगळी गच्ची. इतकी वर्षं जे दूध बारीक गॅसवर उकळत होतं, ज्याच्यासाठी आम्ही तिला पडलेली सोडून वर धावलो, ते दूध कधी नव्हतंच! भाऊंना आधी काही कळेना, मग त्यांना त्या रविवारी स्वयंपाकघरात घुसलेले आम्ही आठवलो असणार, कारण तेही हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. हसली नाही ती एकटी श्रुती. श्रुती म्हणजे पेडणेकरांच्या शेजारची मुलगी, नर्सिंग करून नुकती कामाला लागलेली. आपल्या नव्या स्कूटीवरून तीही एकदा पडली होती आणि गाडी विकायला निघाली होती, हे मला माहीत होतं. ती उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “म्हणजे मला सांगितलं ते पण खोटंच ना?” ती म्हणाली. “वहिनी मला बोलल्या की निर्मळच्या जत्रेवरून येताना त्या मोपेड चालवत होत्या आणि पाटात पडल्या. शैलाताई मागे बसल्या होत्या म्हणे, घाबरून डोळे मिटून. आणि पडल्यावर पण वहिनींनीच गाडी चालवत घरी आणली. मी रोज तेच आठवून गाडी काढते, यार... ते पण फेकलेलंच होतं का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोपेड कुणाची हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. माझा स्वभावही ठाऊक होता. नोटीस बोर्डावर नाईकमामांनी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर मी खडूनं दुरुस्त करून मगच पुढं जाते. मी उठले तेव्हा, खोटं कशाला बोलू, दुरुस्त करायलाच उठले होते. डोळे मिटून मी बसले होते म्हणे! आणि मग मला पाटाच्या पाण्यातून वर गेलेला तो हात दिसला. ‘मी!’ ... ती माझी अब्रू वाचवत नव्हती. जन्मात पहिल्यांदा पडली होती ती, आणि ते तिला आपल्या नावावर हवं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना वाटायला तिनं न झालेल्या जखमा शोधून आणल्या होत्या, आणि ही एवढी एकच जखम खरी होती. गुडघ्यावर शोधत बसले मी, ती होती कोपरावर.

“खरं आहे,” मी म्हणाले. “वहिनीच चालवत होती. मी मागे होते. डोळे मिटून.” नाईकमामांचा आ वासला. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मोपेडचं सगळं माहीत असणार. मग ते श्रुतीकडे वळले आणि म्हणाले, “कोपर फुटलं होतं तिचं, मी पाहिलंय ना. महिनाभर घरात बाही वर करून हिंडत होती. येईल त्याला दाखवत होती.”

सोमवारी मी किल्ली खिळ्यावरून काढली आणि मोपेडनं शाळेत गेले. तळ्याजवळचं वळण अजून मला आवडत नाही, पण ते माझं आहे. वहिनीची आठवण फार येते. घरात काही बिनसलं की कान बेलकडे लागतात. समोरचं दार उघडं असतं, भाऊ पेपर वाचत असतात, आणि स्वयंपाकघराकडे नजर गेली की माझा हात आपोआप बटण फिरवल्यासारखा वळतो.

गेल्या रविवारी बेल वाजली तेव्हा दारात श्रुती होती, हेल्मेट काखेत. “ताई, निर्मळला फुलं आणायला चाललेय. मागे बसता? ती पाटाची जागा दाखवा ना मला.” दुसऱ्याच्या गाडीवर मागे मी जन्मात कधी बसलेली नाही. “गॅसवर दूध आहे गं माझं,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता पायात चपला सरकवल्या. मुलगी जोरात चालवते. बोळिंज मागे पडायच्या आधीच मी तिची कंबर आवळून धरली होती आणि डोळे मिटले होते. वाडीपाशी गाडीचा वेग कमी झाला. पाटाच्या पाण्याचा आवाज आला.

“ताई, इथंच ना?”

“इथंच.”

“वहिनी पडल्या, मग उठल्या, गाडी उचलली... मग पुढं काय झालं?” तिनं मान मागे वळवून विचारलं.

“तू पुढं बघ आणि चालव,” मी तिच्या पाठीत म्हटलं. “माझं दूध आहे गॅसवर.”